पटवास : कपाटातल्या पुरचुंडीची सहाव्या शतकातील कृती

दालचिनी, वाळा आणि तमालपत्र समभाग घ्यावे. त्याच्या निम्मा वेलदोडा घ्यावा. सर्वांचे चूर्ण करून कस्तुरी व कापूर यांनी त्याचा गंध जागवावा. कपड्यांत ठेवण्याच्या सुगंधी चूर्णाची ही कृती सहाव्या शतकातील आहे आणि ती नोंदवणारा मनुष्य ज्योतिषी होता. (धागा)

वराहमिहिर अवंतीचा, म्हणजे आजच्या उज्जैनकडचा. त्याच्या 'बृहत्संहिते'त ग्रहचारापासून पर्जन्य, भूकंप, वास्तू आणि रत्नपरीक्षेपर्यंत अनेक विषय येतात. त्यांतच 'गंधयुक्ति' नावाचा एक अध्याय आहे. केशतेले, स्नानाची चूर्णे, धूप, मुखवास असा त्याचा पसारा. वरील मिश्रणाला तो 'पटवास' म्हणतो : पट म्हणजे वस्त्र, आणि वास म्हणजे त्याला सुगंध देणे. 'कामसूत्रा'तील चौसष्ट कलांच्या यादीतही गंधयुक्ति आहेच.

कृतीतले पहिले चारही जिन्नस आजच्या स्वयंपाकघराला परके नाहीत. वाळा माठातल्या पाण्यात, उरलेले तिघे मसाल्याच्या डब्यात. त्यांची निवड मात्र विचारपूर्वक झालेली दिसते. वाळ्याच्या मुळांतील तेल जड असते, ते सावकाश उडते. म्हणून वाळ्याचा गंध महिनोन्‌महिने टिकतो. कापूर याच्या अगदी उलट, घनावस्थेतून थेट हवेत विरणारा. एक गंध धरून ठेवतो, दुसरा तो चटकन नाकापर्यंत पोहोचवतो. शेवटच्या संस्काराला वराहमिहिराने वापरलेला शब्दही नेमका आहे : प्रबोध, म्हणजे जागे करणे. चूर्णात तीव्र गंधाचे दुसरे चूर्ण मिसळून त्याला उठाव देणे, ही 'बोध' नावाची क्रिया गंधशास्त्राच्या परिभाषेत पुढेही टिकून राहिली.

(ही कृती आज जशीच्या तशी करता येणार नाही. कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. शिवाय ग्रंथांतला कापूर वृक्षापासून मिळणारा. पूजेच्या वड्या बहुतांशी टर्पेंटाइनपासून बनवलेल्या असतात.)

आता या अध्यायाचा सर्वांत विलक्षण भाग. वराहमिहिर सोळा द्रव्ये सांगतो. त्यांत नागरमोथा, दगडफूल, कचोरा, वाळा, नागकेशर, दवणा, तगर, अगरू, चंदन अशी मंडळी आहेत. मग तो विचारतो : यांतून चार-चार निवडल्यास किती गट होतील? उत्तर : १,८२०.

हे उत्तर काढण्याची रीतही तो एका श्लोकात देतो. १ ते १६ अंक एका रकान्यात खालून वर मांडायचे. शेजारच्या रकान्यात प्रत्येक जागी तोपर्यंतची बेरीज लिहायची, मात्र शेवटची जागा सोडून द्यायची. पुन्हा तसेच, आणि पुन्हा तसेच. चारही रकान्यांच्या माथ्यावरचे आकडे येतात १६, १२०, ५६० आणि १,८२०. सोळांतून एक, दोन, तीन व चार द्रव्ये निवडण्याचे हेच प्रकार. शाळेत 'पास्कलचा त्रिकोण' म्हणून शिकवली जाणारी संख्यारचना ती हीच; पास्कलचा जन्म १६२३ चा. पुढे प्रत्येक चौकडीचे प्रमाणभेदाने ९६ प्रकार धरून वराहमिहिर एकूण सुगंधांची संख्या १,७४,७२० अशी सांगतो.

गणिताच्या इतिहासात १,८२० हा आकडा आवर्जून उद्धृत होतो. त्याच अध्यायातला पटवास मात्र क्वचितच कोणाला आठवतो. ही वाटणी अन्यायाची आहे. सोळा डबे समोर असलेल्या गंधकाराला पडलेला प्रश्न हाच त्या गणिताचा उगम. डबे बाजूला सारले की प्रश्नच उरत नाही.

वस्त्रांना गंध देणे ही केवळ हौसही नव्हती. 'चरकसंहिते'च्या शारीरस्थानात तान्ह्या बाळाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण यांना धुरी द्यायला सांगितले आहे. तिथे चंदन-कस्तुरी नाही. जव, मोहरी, हिंग, गुग्गुळ आणि वेखंड अशी उग्र द्रव्ये आहेत. हेतू रक्षणाचा आहे. कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या घड्यांत वेखंडाचा तुकडा ठेवणारी घरे याच विचाराची वारस म्हणता येतील.

गंधशास्त्रावरचे स्वतंत्र ग्रंथ बहुतेक लुप्त झाले. त्यांतले दोन हाती लागले ते पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या 'गंधसारा'चे हस्तलिखित उजेडात आणले आणि १९४५ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. 'गंधसारा'त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. त्याच्यासोबतच 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ मिळाला, आणि त्यावरची टीका चक्क मराठीत होती.

संस्कृत पंडिताला मराठी टीकेची गरज नसते. ती लागते प्रत्यक्ष कुटणाऱ्याला, चाळणाऱ्याला, धुरी देणाऱ्याला. म्हणजे ही विद्या मराठी मुलखात कोणीतरी हाताने करत होते, आणि करण्यापूर्वी वाचून समजून घेत होते. हे दोन्ही ग्रंथ संपादित होऊन बडोद्याहून छापून यायला १९८९ साल उजाडले.

दरम्यान ती सोळा द्रव्ये ग्रंथांची वाट पाहत थांबली नव्हती. दिवाळीच्या उटण्याच्या पुडीवरची घटकद्रव्ये वाचावीत : नागरमोथा, कचोरा, वाळा, चंदन.