खण, तट्टा आणि बैठक : वर्धा जिल्ह्यातील बिनभिंतीच्या विभागणीचा इतिहास

वर्धा जिल्ह्यातील जुन्या शेतकरी घराचे माप खोल्यांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई. दोन खांबांमधील जागेला खण म्हणत, आणि घर तीन खणांचे की पाच खणांचे यावरून घरमालकाची ऐपतही ओळखता येई. छपराचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असल्यामुळे घर तोलून धरण्यासाठी आतल्या भिंतींची गरज नसे. बाहेरची मातीची जाड भिंत ऊन, पाऊस आणि चोर यांना अडवण्यापुरती होती, आणि आतली जागा कशी वाटून घ्यायची हा प्रश्न गवंड्याचा नसून घरात राहणाऱ्यांचा होता.

आत भिंत न घालण्यामागे जमिनीचेही कारण होते. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उभी केलेली भिंत तडकण्याची भीती असते. म्हणूनच गाव वसे ते ‘पांढरी’वर, म्हणजे फिकट मातीच्या गावठाणात, आणि भिंतींसाठी मातीही तिथलीच घेतली जाई. अशा घरात आडोसा करायचा तर तो हलका आणि हलवता येण्याजोगा असणेच सोयीचे होते. बुरडांनी विणलेला बांबूचा तट्टा दोन खांबांना बांधला की आडोसा तयार होई. तुरीची वाळलेली झाडे, म्हणजे तुराट्या, उभ्या बांधून त्यांवर शेणमाती लिंपली की कूड होई. धान्य साठवण्याची कणगी, म्हणजे बांबूची विणलेली आणि शेणमातीने सारवलेली उंच कोठी, तर धान्याइतकीच जागाही सांभाळी, कारण दोन-तीन कणग्या ओळीने मांडल्या की त्यांच्यामागे आपोआप एक वेगळे दालन तयार होई. शिवाय ही विभागणी हंगामाप्रमाणे बदलत असे. दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच ठेवावा लागे, त्यामुळे हिंगणघाटसारख्या नावाजलेल्या बाजाराच्या परिसरात वर्षातले काही महिने एखादा खण माणसांचा नसून कापसाचा असे.

तट्टा आणि कणगी डोळ्यांना दिसत, परंतु याच घरांत न दिसणाऱ्या सीमा अधिक कडक होत्या. परका माणूस ओसरीपर्यंतच, म्हणजे पुढच्या पडवीपर्यंतच येई. माजघर घरच्यांचे, आणि चुलीजवळचा भाग सोवळ्याओवळ्याच्या नियमांत बसणाऱ्यांचाच. पाळीच्या दिवसांत बाईने ज्या कोपऱ्यात बसायचे, तिथे कोणताही तट्टा नसला तरी त्या कोपऱ्याची मर्यादा घरातले लहान मूलही ओळखत असे. भिंत नसलेले घर म्हणजे मोकळे घर, असा अलीकडे रूढ झालेला समज या इतिहासाशी जुळत नाही. जिथे भिंत नसे, तिथे तिचे काम बहुधा जात, नाते आणि लिंगभेद करीत.

या पार्श्वभूमीवर वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगाव येथे १९३६ साली उभे राहिलेले एक घर विशेष अभ्यासण्यासारखे आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाल्यानंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत होता, आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला गेले. गावाच्या मालगुजारीचा, म्हणजे सरकारला सारा भरण्याची जबाबदारी आणि त्याबरोबर येणारा जमिनीवरील हक्क यांचा, मोठा भाग वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्याकडे होता, आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन त्याआधीच तिथे जाऊन राहिल्या होत्या. परिसरातच मिळणारे साहित्य आणि गावचेच मजूर वापरावेत, या अटीवर माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, म्हणजे कौले, यांनी जे पहिले घर बांधले गेले, ते आज ‘आदि निवास’ या नावाने ओळखले जाते. (सेगावचे ‘सेवाग्राम’ हे नाव पुढे १९४० मध्ये पडले, कारण बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जात असे.)

आदि निवासात गांधीजींबरोबर कस्तुरबा, सचिव प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान, संत तुकडोजी महाराज आणि येणारे-जाणारे पाहुणे असे अनेकजण एकाच छपराखाली राहिले. एवढ्या माणसांची सोय करणारी विभागणी मुख्यतः जमिनीच्या पातळीवरची होती. खुर्च्या-पलंग नसल्यामुळे चटई, बैठक आणि बसक्या उंचीचे लिहिण्याचे डेस्क एवढ्यावरूनच कोणाची जागा कोणती हे कळे, आणि चटई गुंडाळली की तीच जागा दुसऱ्या कामाला मोकळी होई. उरलेली विभागणी वेळेची होती. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, जेवण आणि सायंप्रार्थना यांचे तास ठरलेले असल्यामुळे एकाच जागेचे दिवसभरात अनेक उपयोग होत, प्रार्थना आणि झोप या दोन्ही गोष्टी बहुतांशी उघड्या आकाशाखालीच होत, आणि गांधीजींचा सोमवारचा मौनवार तर गर्दीत बसूनही एकांत मिळवण्याचे साधन ठरला. त्या दिवशी ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. दार लावण्याची सोय नसलेल्या माणसाने वाणीलाच दार बसवले होते, असे म्हणता येईल.

तथापि ही व्यवस्था सगळ्यांना सारखीच पेलण्याजोगी नव्हती. मौन पाळून एकांत मिळवणे ज्याच्याभोवती सगळा दिनक्रम आखलेला असे त्याला शक्य होते. पुरुषांच्या सततच्या वावरात कपडे बदलणे किंवा दुपारी घटकाभर आडवे होणे यांसाठी मात्र खराखुरा आडोसाच लागतो. कस्तुरबांची होणारी ही कुचंबणा जमनालालजींनी ओळखली आणि त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली, ती ‘बा कुटी’. आश्रमाच्या साधेपणाचे वर्णन करताना या कुटीचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, हे योग्य नाही. भिंत नसलेल्या घराचा जाच तिथे कोणाला सोसावा लागला, याचा तो आश्रमाच्या आवारातच उभा असलेला पुरावा आहे.

त्यानंतर आश्रमाची वाढ घराच्या आत भिंती घालून नव्हे, तर अंगणात नवीन कुट्या उभारून झाली. सुरुवातीच्या काळात मगनवाडीहून भर उन्हात पायी ये-जा करणाऱ्या गांधीजींच्या सचिव महादेवभाई देसाईंसाठी वेगळी कुटी झाली. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगी असूनही त्यांना आश्रमाबाहेर न धाडता आवारातच त्यांची कुटी बांधण्यात आली, आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. इथे वेगळी जागा देण्याचा अर्थ बहिष्कार असा नव्हता, आणि ज्या काळात कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढले जाई त्या काळात हा फरक मोठा होता. या सगळ्या कुट्यांच्या मधले प्रार्थनेचे उघडे मैदान हीच सर्वांची सामायिक खोली राहिली.

‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध असलेले घर मुळात मीराबेन यांचे होते, आणि प्रकृतीच्या कारणाने गांधीजी तिथे राहायला गेल्यावर त्यात भर घालण्यात आली. तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि ॐ यांची उठावाची चित्रे काढली आहेत. इव्हान इलिच या विचारवंताने जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात या कुटीतील सात प्रकारच्या जागा मोजून दाखवल्या : पादत्राणे काढून मन तयार करण्याचा उंबरठ्याजवळचा भाग, मधली मोठी खोली, गांधीजींची बसण्याची आणि कामाची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्यांची खोली, उघडी ओसरी आणि ऐसपैस न्हाणीघर. एवढ्याशा घरात एवढ्या जागा असूनही त्यांचे परस्परांशी असलेले नाते तुटत नाही, हे इलिच यांचे निरीक्षण अचूक आहे.

मात्र त्यांच्या या यादीत चूल नाही, धान्याची कणगी नाही आणि बाळंतिणीचा कोपराही नाही. स्वयंपाक आश्रमाच्या सामुदायिक रसोड्यात होत असे, आणि कापूस घरात ठेवण्याची वेळ या घरावर आली नव्हती. शेतकऱ्याच्या पाच खणांच्या घरात जे धूर, ओझे आणि बाळंतपण सामावून घ्यावे लागे, ते बापू कुटीच्या बाहेरच राहिले होते, आणि तिची नीटस विभागणी काही अंशी त्यामुळेच शक्य झाली होती.