झोटेरो

झोटेरो हे संशोधनासाठी लागणारे संदर्भ गोळा करणे, त्यांची व्यवस्था लावणे आणि लेखनात त्यांचे उल्लेख व संदर्भसूची तयार करणे यांसाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील जॉर्ज मेसन विद्यापीठात ते तयार झाले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या संगणकप्रणालींवर ते मोफत वापरता येते. मोबाइलसाठीही त्याची ॲप्स उपलब्ध आहेत. कॉर्पोरेशन फॉर डिजिटल स्कॉलरशिप ही ना-नफा संस्था सध्या त्याचा विकास करते.

संदर्भ व्यवस्थापनाच्या इतिहासात झोटेरोचे स्थान दोन कारणांमुळे महत्त्वाचे मानले जाते. ग्रंथाचा अथवा लेखाचा तपशील संकेतस्थळावरून एका कळीसरशी उचलण्याची सोय त्याने प्रचलित केली. तसेच, वापरकर्त्याने वर्षानुवर्षे जमवलेला संदर्भसंग्रह एका कंपनीच्या फाइलस्वरूपात अडकून पडू नये, हे तत्त्व त्याने सुरुवातीपासून पाळले. याच तत्त्वाशी निगडित प्रश्नावरून २००८ मध्ये न्यायालयीन वाद उद्भवला.

पार्श्वभूमी

संगणकाचा वापर रूढ होण्यापूर्वी संशोधक प्रत्येक ग्रंथाची किंवा लेखाची नोंद स्वतंत्र कार्डावर करीत आणि प्रबंध पूर्ण होताना ती कार्डे अकारविल्हे लावून संदर्भसूची उतरवून काढीत. एका नियतकालिकासाठी केलेली सूची दुसऱ्या नियतकालिकाला पाठवायची झाल्यास विरामचिन्हांपासून नावांच्या क्रमापर्यंत सर्व पुन्हा लिहावे लागे.

हे काम संगणकाकडे सोपवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी बिबटेक हे महत्त्वाचे साधन १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक व लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी तयार केले. त्यातील नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. गणित व संगणकशास्त्र यांत ते रुजले. इतर विद्याशाखांत एंडनोटसारखी व्यापारी सॉफ्टवेअरे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरली. २००० नंतर ग्रंथालयांच्या तालिका व नियतकालिके महाजालावर आली. परंतु तेथील तपशील आपल्या संग्रहात आणण्यासाठी फाइल उतरवून घेणे, ती आयात करणे किंवा हाताने टंकलेखन करणे हेच मार्ग होते.

नाव

‘झोटेरो’ हे नाव अल्बेनियन भाषेतील एका क्रियापदावरून घेतले आहे. ‘प्रभुत्व मिळवणे’ असा त्याचा अर्थ होतो.

इतिहास

जॉर्ज मेसन विद्यापीठातील सेंटर फॉर हिस्टरी अँड न्यू मीडिया या केंद्राची स्थापना इतिहासकार रॉय रोझेनझ्वाइग यांनी १९९४ मध्ये केली होती. आज हे केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. इतिहासाच्या अभ्यासकांना टिपणे व साधने जपून ठेवण्यासाठी लागणारी संगणकीय साधने तेथे आधीपासून तयार होत होती. त्या अनुभवातून झोटेरो उभे राहिले. अँड्र्यू डब्ल्यू. मेलन फाउंडेशन, आल्फ्रेड पी. स्लोन फाउंडेशन तसेच इन्स्टिट्यूट ऑफ म्युझियम अँड लायब्ररी सर्व्हिसेस यांनी त्यासाठी अर्थसाहाय्य केले.

पहिली आवृत्ती फायरफॉक्स या ब्राउझरची जोड म्हणून आली. वाचन जेथे चालते तेथेच संदर्भ टिपला जावा, हा त्यामागील विचार होता. पुढे अनेक संगणकांवर एकच संग्रह ठेवण्याची व गटाने काम करण्याची सोय आली. २०१२ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ते ब्राउझरविना स्वतंत्रपणे चालू लागले. फायरफॉक्सने जोडण्यांची जुनी पद्धत बंद केल्यामुळे २०१७ मधील पाचव्या आवृत्तीत झोटेरो पूर्णतः स्वतंत्र झाले आणि ब्राउझरमध्ये केवळ ‘कनेक्टर’ ही छोटी जोड उरली. २०२२ मधील सहाव्या आवृत्तीत पीडीएफ वाचण्याची व त्यावर खुणा करण्याची सोय झाली. २०२४ मधील सातव्या आवृत्तीत ती ईपब पुस्तकांना व संकेतस्थळांच्या जतन केलेल्या प्रतींनाही लागू झाली.

कार्यपद्धती

संकलन: क्रोम, फायरफॉक्स, एज व सफारी या ब्राउझरांमध्ये कनेक्टर बसवता येतो. उघडलेल्या पानावर पुस्तक आहे, लेख आहे की वृत्तपत्रीय बातमी, हे ओळखून तो लेखक, शीर्षक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठे इत्यादी तपशील उचलतो. निरनिराळ्या संकेतस्थळांची रचना वेगवेगळी असल्याने त्यांच्यासाठी ‘ट्रान्सलेटर’ नावाचे छोटे प्रोग्रॅम लिहिलेले असतात. स्वयंसेवकही ते लिहितात व दुरुस्त करतात. आयएसबीएन किंवा डीओआय क्रमांक दिल्यासही नोंद तयार होते.

मांडणी: प्रत्येक नोंदीला मूळ पीडीएफ, टिपणे व खूणशब्द जोडता येतात. नोंदी संग्रहांत विभागता येतात. एकच नोंद तिची दुसरी प्रत न करता अनेक संग्रहांत ठेवता येते. दुबार नोंदी शोधून एकत्रही करता येतात. सर्व माहिती वापरकर्त्याच्या संगणकावर एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठवली जाते, त्यामुळे महाजालाची जोडणी नसतानाही काम चालते.

लेखन: मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिब्रेऑफिस रायटर आणि गूगल डॉक्स यांमध्ये लिहिताना हव्या त्या ठिकाणी संदर्भ घातला की ठरवलेल्या शैलीत उल्लेख उमटतो आणि संदर्भसूचीत त्याची भर पडते. शैली बदलल्यास साऱ्या दस्तऐवजातील उल्लेख एकाच वेळी बदलतात. उदाहरणार्थ, जोतीराव फुले यांच्या १८७३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाचा उल्लेख लेखक-वर्ष पद्धतीत (फुले, १८७३), क्रमांक पद्धतीत [१] आणि तळटीप पद्धतीत ‘जोतीराव फुले, गुलामगिरी, पुणे, १८७३’ अशा स्वरूपात येऊ शकतो. मूळ नोंद मात्र एकच राहते.

समक्रमण: नोंदींचे समक्रमण विनामूल्य आहे. जोडलेल्या फाइलींसाठी ३०० मेगाबाइटपर्यंतची जागा मोफत मिळते. त्यापुढील जागेसाठी शुल्क आकारले जाते आणि त्या उत्पन्नातून विकासाचा खर्च भागवण्यास मदत होते.

संदर्भशैली व सीएसएल

संदर्भ कसा मांडावा याचे नियम प्रत्येक नियतकालिकाचे निराळे असतात. हे नियम संगणकाला समजतील अशा रीतीने लिहिण्यासाठी ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ म्हणजे सीएसएल ही एक्सएमएलवर आधारित भाषा आहे. तिची मूळ मांडणी ब्रूस डार्कस यांनी केली. झोटेरोने ती स्वीकारल्यामुळे तिचा प्रसार झाला. सीएसएलमधील शैली ही साध्या मजकुराची फाइल असते. ती कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या सार्वजनिक भांडारात आज दहा हजारांहून अधिक शैली आहेत आणि मेंडेलीसह इतर अनेक सॉफ्टवेअरे त्या वापरतात.

एंडनोटविषयीचा खटला

२००८ मध्ये झोटेरोच्या विकासाधीन आवृत्तीत एंडनोटच्या शैलीफाइली वाचण्याची क्षमता आली. एंडनोटची तत्कालीन मालक असलेल्या थॉमसन रॉयटर्स या कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये व्हर्जिनियातील न्यायालयात दावा दाखल केला. विद्यापीठाने एंडनोट वापरण्याचा परवाना घेतला होता व त्या परवान्यात सॉफ्टवेअरची अंतर्गत रचना उलगडून पाहण्यास मनाई होती. झोटेरोने नेमके तेच करून कंपनीचे खासगी फाइलस्वरूप खुल्या स्वरूपात बदलण्याची वाट करून दिली, असे कंपनीचे म्हणणे होते. नुकसानभरपाईपोटी दरवर्षी १ कोटी डॉलरची मागणी करण्यात आली होती.

विद्यापीठाने एंडनोटच्या परवान्याचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय जाहीर केला. वापरकर्त्यांनी निर्माण केलेले साहित्य वापरकर्त्यांचेच असते आणि झोटेरोमध्ये येणे जितके सोपे, तितकेच त्यातून बाहेर पडणेही सोपे असले पाहिजे, अशी भूमिकाही विद्यापीठाने मांडली. जून २००९ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. जॉर्ज मेसन हे राज्याचे विद्यापीठ असल्याने त्याला सार्वभौम संरक्षण लागू होते व त्यामुळे न्यायालयाला अधिकारक्षेत्र नाही, हा त्याचा आधार होता. परिणामी, एखाद्या कंपनीच्या फाइलस्वरूपाचे रूपांतर करणे कायदेशीर आहे किंवा नाही, या मूळ प्रश्नावर निर्णय झाला नाही.

संदर्भसंग्रहाची ने-आण

झोटेरोमधील संग्रह बिबटेक, आरआयएस, सीएसएल-जेसन इत्यादी स्वरूपांत निर्यात करता येतो आणि याच स्वरूपांतील फाइली त्यात आयातही करता येतात. मात्र नोंदींचा तपशील बाहेर काढता आला तरी फोल्डरांची मांडणी व पीडीएफवरील खुणा अशा सामायिक स्वरूपांत बहुधा उतरत नाहीत. हा भेद २०१८ मध्ये ठळकपणे समोर आला. एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या मेंडेलीने सुरक्षिततेचे कारण देऊन वापरकर्त्याच्या संगणकावरील डेटाबेस कूटबद्ध केला. त्यामुळे तो डेटाबेस थेट वाचून संपूर्ण संग्रह आणण्याचा झोटेरोचा मार्ग नव्या आवृत्त्यांपुरता बंद झाला. नंतर झोटेरोने वापरकर्त्याच्या मेंडेली खात्यातून ऑनलाइन आयात करण्याची सोय केली.

मागे घेतलेल्या शोधनिबंधांची सूचना

गंभीर चूक अथवा गैरप्रकार उघडकीस आल्यास शोधनिबंध मागे घेतला जातो. तथापि तो आधीच उतरवून घेतलेल्या वाचकाला ते कळतेच असे नाही. २०१९ पासून झोटेरो वापरकर्त्याच्या नोंदी रिट्रॅक्शन वॉचच्या सूचीशी ताडून पाहते. संग्रहातील निबंध मागे घेतला गेला असल्यास तशी सूचना देते आणि असा निबंध लेखनात उद्धृत करतानाही वापरकर्त्याला सावध करते.

मराठी लेखनातील वापर

झोटेरो युनिकोडवर आधारित असल्याने देवनागरीतील नोंदी त्यात ठेवता येतात. मराठी संशोधकाला मात्र काही बाबी स्वतः पाहाव्या लागतात.

आयएसबीएन ही पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मूळ आवृत्त्यांना असा क्रमांक नसल्याने त्यांची नोंद हाताने भरावी लागते. जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा शालिवाहन शकाचे वर्ष छापलेले असते. त्याचे इसवी सनात रूपांतर करताना महिन्यानुसार ७८ किंवा ७९ वर्षे मिळवावी लागतात. लेखकाचे नाव सर्व नोंदींत एकाच प्रकारे लिहिणे आवश्यक ठरते. ‘श्री. व्यं. केतकर’ आणि ‘श्रीधर व्यंकटेश केतकर’ अशी दोन्ही रूपे संग्रहात असल्यास संगणक त्यांना दोन व्यक्ती समजतो व सूचीत त्यांचे ग्रंथ विखुरले जाऊ शकतात.

एका दस्तऐवजासाठी शैलीची एकच भाषा निवडता येते. त्यामुळे मराठी व इंग्रजी संदर्भ एकत्र असलेल्या प्रबंधात मराठी लेखकांच्या नावांमध्येही ‘अँड’ किंवा ‘एट अल.’ यांसारखे इंग्रजी व लॅटिन शब्द रोमन लिपीत येतात. ग्रंथनाम तिरप्या ठशात छापण्याचा अनेक शैलींचा नियमही देवनागरीला फारसा मानवत नाही. मराठीत ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत देण्याची पद्धत आहे. सीएसएलची शैलीफाइल खुली असल्यामुळे असे बदल तिच्यात करता येतात.

मर्यादा

झोटेरोने तयार केलेली संदर्भसूची मूळ नोंदीइतकीच अचूक असते. संकेतस्थळावर लेखकाचे नाव अपूर्ण किंवा वर्ष चुकीचे असल्यास ती चूक जशीच्या तशी सूचीत उतरते. दस्तऐवजातील सूचीत हाताने केलेल्या दुरुस्त्या पुढील अद्ययावतीकरणात पुसल्या जातात; म्हणून दुरुस्ती मूळ नोंदीतच करावी लागते. समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे, कारण एका संगणकावर पुसलेली नोंद समक्रमणानंतर इतर संगणकांवरूनही जाते.

हे सॉफ्टवेअर वाङ्मयचौर्य शोधत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य तपासताना योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर व संदर्भसूची वगळली जाते. अशा उद्धृतांना श्रेय नीट मांडण्यास झोटेरो साहाय्य करते. कोणत्या विधानाला आधार आवश्यक आहे आणि उद्धृत केलेला ग्रंथ खरोखर तेच सांगतो का, याचा निर्णय लेखकालाच करावा लागतो.