बाजाराच्या दिवशी निघावं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-मूलकडच्या घरांना मागे सांदवाडी असते. मी अंगणवाडीत लागले तेव्हा मार खाल्लेल्या बाईची तीच वाट होती. कुडाची तट्टी सरकवायची, पोराला काखेत मारायचं आणि शेजारणीच्या धानाच्या ढोलीमागे उजाडेपर्यंत बसायचं. शेताकडे पळायची सोय नाही, वाघ आहे. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलंही. सकाळी पंच बसत, नवऱ्याला दंड ठोकत. दंड भरायचा घरातूनच, म्हणजे बहुतेक तिच्याच रोवणीच्या मजुरीतून!

कायदा मात्र आमच्याच मातीतून हलला. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, देसाईगंज चंद्रपुरातच होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघा आरोपी पोलिसांना सोडलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, आणि हुंडाबळींविरुद्धच्या लढ्यामुळे त्याच वर्षी 498 अ कलमही आलं. नवरा-सासरच्यांचा छळ गुन्हा ठरला. आमच्या गावात हे कळायला बरीच वर्षं गेली.

त्याआधी कळली ती दारूबंदी. गडचिरोलीत 1993 पासून होती, चंद्रपुरात नव्हती. डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत हजारो बायका दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरातही बंदी लागली, 2021 मध्ये सरकारनं उठवली. हा इतिहास दारूचा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. मुक्कामाला बायका बाटलीबद्दल कमी आणि मारण्याबद्दल जास्त बोलायच्या. सासरच्या गावात सगळे नवऱ्याचे भाऊबंद; गावाबाहेर, नात्याबाहेर हक्काचं एक दार त्यांना अशा मोर्च्यांतून मिळालं. न पिणाराही मारतो हेही तिथंच उघड बोललं गेलं.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, जो ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, मोठी गोष्ट दिली: घर कोणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची, पैसे लागत नाहीत. पण घरात राहायचा हक्क असला तरी आजची रात्र जिवावरची असेल, तर आधी निघावं.

म्हणून बचत गटाची बैठक आटोपली की आम्ही हेच बोलतो. आधार, राशनकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स मैत्रिणीकडे. थोडे पैसे गटाच्या खात्यात. मारायला उठला की चुलीकडे, कुऱ्हाडीकडे धावायचं नाही, दाराकडे सरकायचं. कोणत्या घरी जायचं ते पोरांना ठाऊक हवं. वेळ आपल्या हाती असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी निघावं. त्या दिवशी पिशवी घेऊन एसटीत बसणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही. जाते हे भांडणात बोलून दाखवायचं नाही, त्यानं मार वाढतो. लागलं असेल तर आधी सरकारी दवाखाना, आणि कोणी मारलं ते कागदावर लिहून घ्यायचं. 112 पोलिसांचा, 181 महिलांचा. मोबाइल नवरा तपासत असेल, तर नंबर तोंडपाठ करायचा, आणि फोन शेजारणीच्या मोबाइलवरून करायचा.