वल्हं मारणाऱ्याचं नाव



मी आजऱ्याचा. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. रात्रपाळी संपली की डोक्याच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असतो. घरी येऊन अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि झोपायच्या आधी तासभर वाचायचं, हा माझा नेम. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. इतिहास मला कुणी शिकवला नाही. मीच त्याच्या मागं लागलो. का लागलो ते आधी सांगतो.

माझा आजा मुंबईच्या गिरणीत होता. त्या काळात आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातलं गाव म्हटलं की तिथली माणसं मुंबईच्या गिरणीत असायचीच. आजा बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. आला तर माघारी खोलीवर. अशी त्यानं अकरा वर्षं काढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आजा गावाकडं आला तो पुन्हा मुंबईला गेलाच नाही. पुढं गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरलं तेव्हा त्यानं अर्ज केला. त्यांनी कागद मागितला. गिरणीच्या मस्टरवर आज्याचं नाव नव्हतं. अकरा वर्षं ज्यानं सूत काढलं तो कागदाच्या लेखी त्या गेटातून कधी आत गेलाच नव्हता!

आजा वारला. पण तेव्हापासून मला खोड लागली. कुठल्याही लढाईचं वाचलं की मी मस्टर शोधतो. काम कुणी केलं, आणि नाव कुणाचं लागलं?

तसंच शोधत मी समुद्रावर गेलो. आजऱ्याचा माणूस समुद्रावर कशाला, असं म्हणाल. पण संकेश्वर-बांदा रस्ता आमच्या गावातनं जातो. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि तिथनं मालवण लांब नाही. मालवणचा सिंधुदुर्ग पुढं कोल्हापूरकरांचा झाला. १७६५ ला इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, मग पैसे घेऊन परत दिला. १८१२ च्या तहात मात्र कोल्हापूरनं तो इंग्रजांना कायमचा देऊन टाकला. म्हंजे आमच्या डोंगराच्या राज्याचीही गलबतं होती.

ती कोल्हापूरची गादी वेगळी झाली तीच मुळी यादवीतनं. १७०० ला राजाराम वारला. ताराबाईनं पोराला गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. १७०७ ला औरंगजेब मेला, मोगलांनी शाहूला सोडलं, आणि चुलती-पुतण्याची लढाई लागली. मराठ्यांवर मराठेच तलवार घेऊन धावले. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडला शाहू जिंकला, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला त्यानं राज्याभिषेक करून घेतला. तरी किनारा ताराबाईकडं होता. कारण आरमाराचा सरखेल कान्होजी आंग्रे तिच्या बाजूला होता.

१७१३ ला शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे कान्होजीवर चालून गेला. कान्होजीनं त्यालाच धरून ठेवला. तेव्हा शाहूनं पेशवेपद बाळाजी विश्वनाथ भटाला दिलं. १७१३ चा नोव्हेंबर. नव्या पेशव्यानं लढाई केली नाही, बोलणी केली. १७१४ ला कान्होजी शाहूकडं आला. त्याला दहा मोठे किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेलीचा मान कायम मिळाला. सगळं आरमार एका तहात या बाजूचं त्या बाजूला गेलं. ताराबाईचा पाया खचला. त्याच साली पन्हाळ्यावर तिला कैद झाली आणि सवतीचा मुलगा संभाजी गादीवर बसला. १७३१ ला वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्यांवर शिक्का बसला.

आता बघा दोस्तांनो, ज्या पेशवाईत आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू आला, तिचा पहिला मोठा विजय हा असा समुद्रावरचा आहे. जहाजं फिरली म्हणून भटांचं बूड पेशवेपदावर घट्ट बसलं. बाळाजी विश्वनाथाची लेक अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडं दिली, आणि आमचं आजरा त्याच इचलकरंजीच्या जहागिरीत होतं. म्हंजे त्या तहाची सावली माझ्या वाड्यापर्यंत आलेली आहे.

पण जहाजं फिरली म्हणजे कोण फिरलं? तिथं मी मस्टर शोधलं.

आंग्र्यांच्या आरमारात गुराबा होत्या, गलबतं होती. गुराबेवर तोफा. गलबत हलकं, वारा पडला तरी चालायचं, कारण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असायची. इंग्रजांचं मोठं जहाज वाऱ्याविना ओंडक्यागत पडलं की ही गलबतं त्याला घेरायची. इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळे त्यांना भ्यायचे. त्या वल्ह्यांवर कोळी होते, भंडारी होते, गाबीत होते, किनाऱ्यावरचे मुसलमान होते. समुद्र ओलांडला की जात जाते असं शास्त्र सांगत होतं. राज्याला तर समुद्र पाहिजे होता. मग खाऱ्या पाण्यात शास्त्र सांगणारा थोडाच उतरणार!

ही माणसं महार होती असं मी म्हणत नाही. पुरावा नसताना आपला माणूस कुठंही घुसवायचा, ते काम बखरकारांचं. आपण बाबासाहेबांची लेकरं, आपण पुरावा मागतो. मी एवढंच म्हणतो की मी वाचलेल्या पुस्तकांत सरखेलाचं नाव आहे, पेशव्याचं आहे, तहातल्या किल्ल्यांची नावं एकेक करून आहेत. पन्नास वल्ह्यांवरच्या पन्नास माणसांतलं एकही नाही. १७१३ ला ते ताराबाईचे होते, १७१४ ला शाहूचे. त्यांना कुणी विचारलं? किल्ला जसा दिला तसा वल्हेकरी दिला.

आणि शेवट? १७२९ ला कान्होजी गेला. त्याच्या पोरांत, मानाजी आणि संभाजीत, भांडण लागलं. १७३५ ला बाजीरावानं मध्ये पडून आरमाराच्या दोन वाटण्या केल्या. पुढं तुळाजी आंग्रे पेशव्याला डोईजड झाला, तेव्हा पेशव्यानं इंग्रजांना हाताशी धरलं. १७५५ ला सुवर्णदुर्ग गेला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर वॉटसन आरमार घेऊन आला, त्याच्याबरोबर क्लाइव्ह होता. पुढच्या साली प्लासी मारणारा तोच हा क्लाइव्ह. तोफगोळ्यानं एका जहाजाला आग लागली आणि बंदरात एकाला एक लागून उभी असलेली सगळी जहाजं जळाली. जे आरमार १७१४ ला वळवून घेतलं होतं, ते बेचाळीस वर्षांनी पेशव्यानंच परक्याच्या हातानं जाळलं. तुळाजी कैदेत मेला, हे लिहून ठेवलेलं आहे. वल्हेकऱ्यांचं काय झालं ते लिहायची कुणाला गरज वाटली नाही.

हे वाचून मी बरेच दिवस कडू झालो होतो. मग दुसरी यादवी हाताला लागली. ती कापसातनं लागली.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली. दक्षिणेतले मळेवाले गुलामांकडनं कापूस पिकवायचे, आणि इंग्लंडच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या लिंकन सरकारनं साडेतीन हजार मैलांच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली. कापूस अडकला. मग लँकेशायरनं मुंबईकडं तोंड वळवलं. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईचे शेठ पैशात लोळले, आणि १८६५ ला युद्ध थांबताच सट्टा कोसळून दिवाळी निघाली. १८६४ च्या ऑक्टोबरात सी किंग नावाचं जहाज मुंबईला जातो असं सांगून लंडनहून सुटलं. मुंबईला ते आलंच नाही. वाटेत तोफा चढवून ते शेनान्डोआ झालं आणि गुलामवाल्यांच्या बाजूनं लढत राहिलं. म्हंजे ते युद्ध आपल्यापासून फार लांब नव्हतं.

आता या युद्धातल्या जहाजांवर कोण होतं? लष्करानं काळ्या माणसाला उघडपणे शिपाई म्हणून घ्यायच्या आधीच उत्तरेच्या आरमारानं त्याला घेतलं. मळ्यावरनं पळालेला गुलाम होडीत बसून जहाजापाशी यायचा. त्याला नाव पडलं ‘कॉन्ट्राबँड’, म्हंजे शत्रूचा जप्त केलेला माल. माणूस सुटला तरी मालच! १८६१ च्या सप्टेंबरात हुकूम निघाला की या लोकांना भरती करा, पण हुद्दा ‘बॉय’च्या वर द्यायचा नाही. पगार महिन्याला १० डॉलर आणि रोजचा शिधा. चाळिशीचा बाप्या असला तरी बॉय. आपल्याकडं पांढऱ्या केसांच्या माणसाला पोऱ्या म्हणतात तसंच. तेव्हा गोऱ्यांची फार आरती करू नका.

पण एक गोष्ट तिथं होती. प्रत्येक जहाजावर मस्टर होतं. आमच्या गिरणीत असतं तसंच. नाव, वय, जन्माचं ठिकाण, आधीचा धंदा, उंची, अंगाचा रंग. ते काही इतिहासासाठी ठेवलेलं नव्हतं. पगार वाटायला आणि पळालेला माणूस धरायला ठेवलेलं होतं. पण नाव चढलं ते चढलं. सव्वाशे वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठाच्या, म्हंजे काळ्यांच्या विद्यापीठाच्या संशोधकांनी ही मस्टरं चाळली. तिथलं आरमार आणि राष्ट्रीय उद्यान खातं बरोबर होतं. पानापानावरनं एकेक नाव उतरवत सुमारे १८,००० काळ्या खलाशांची यादी झाली. त्यांत डझनावर बायका. आज तिथल्या कुणालाही आपल्या खापरपणज्याचं नाव त्यात शोधता येतं.

दोघांचं सांगतो. रॉबर्ट स्मॉल्स, जन्म १८३९, साऊथ कॅरोलायनाचा गुलाम. चार्ल्सटन बंदरात दक्षिणवाल्यांच्या प्लँटर या आगबोटीचं सुकाणू त्याच्या हातात असायचं. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले होते. स्मॉल्सनं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, साथीदार आणि बायकापोरं मिळून सोळाजण बोटीत घेतले, आणि एकेका किल्ल्यापुढनं ठरलेल्या शिट्ट्या वाजवत बोट बाहेर काढली. तोफांच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर फडकावली आणि बोट उत्तरेच्या हवाली केली. पुढं तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. ज्या मालकाच्या घरी गुलाम म्हणून जन्मला ते घरही त्यानं विकत घेतलं.

दुसरी अॅन स्टोक्स. गुलाम बाई. १८६३ च्या जानेवारीत रेड रोव्हर या दवाखान्याच्या जहाजावर परिचारिका म्हणून लागली. मस्टरवर हुद्दा तोच, बॉय. म्हातारपणी नवऱ्याच्या नावावर पेन्शन मागितली, मिळाली नाही. मग स्वतःच्या नोकरीवर मागितली. मस्टर काढलं. नाव सापडलं. १८९० ला महिना १२ डॉलर पेन्शन लागली.

हे वाचलं त्या सकाळी मला झोप आली नाही. आज्याची आठवण आली.

कान्होजीच्या वल्हेकऱ्याला या बाजूचं त्या बाजूला नेलं. स्मॉल्स स्वतः गेला. फरक हिमतीचा नाही. आमच्या कोळ्या-भंडाऱ्यांत हिंमत कमी होती असं कोण म्हणेल? फरक हा की स्मॉल्सला दोन बाजूंतली एक बाजू त्याच्या साखळीवर घाव घालणारी दिसत होती. ताराबाई जिंकली काय आणि शाहू जिंकला काय, वल्हेकऱ्याची आणि गावकुसाबाहेरच्याची जागा तीच राहणार होती. ज्या यादवीत आपल्या गुलामीचा प्रश्नच नाही, तिच्यात आपण नुसते वल्ही असतो. आजही गटातटाच्या भांडणात कार्यकर्त्याला रात्रीत इकडचा तिकडं नेतात तेव्हा मला १७१४ साल आठवतं. बोट कुठं चालली आहे हे वल्हं मारणाऱ्यानं विचारलं पाहिजे.

जोतीरावांना हा फरक कळला होता. १८७३ ला त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्यांना. कटगुणच्या माळ्याच्या घरातला माणूस पुण्यात बसून समुद्रापलीकडची यादवी बघत होता, आणि बरोबर बाजू ओळखत होता. १९४६ ला बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिलं ते याच वाटेनं.

आणि नावाचं म्हणाल, तर आपलं एक मस्टर दगडावर आहे. भीमा कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत, त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली आपली बावीस. कंपनीनं ती आपल्या प्रेमापोटी कोरली नाहीत. तरी कोरली, म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं उभे राहू शकले आणि आज आपण उभे राहतो. नाव नसतं तर तो नुसता दगड होता.

म्हणून दोस्तांनो, मी एक शंभर पानी वही घातली आहे. आमच्या वाड्यातनं मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसांची नावं तीत लिहितो. नाव, गाव, खातं, पाळी, कधी गेला, कधी आला. म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून लिहितो. कायमचा असो की बदली, दोघांनाही एकच रकाना. सत्तेचाळीस नावं झाली आहेत. पहिलं आज्याचं आहे.

तुमच्या वाड्यात कोण राहिलंय सांगायला? लवकर जा. म्हातारी माणसं थांबत नाहीत.