रेड हिलचें पाणी

शत्रूपासून वांचवावयाची वस्तु पुरून ठेवावी, ही मनुष्याची फार जुनी युक्ति आहे. परंतु पुरलेली वस्तु जशी परक्यास दिसत नाहीं, तशी ती धन्यासही दिसत नाहीं, हें बहुधा उशिरा ध्यानांत येतें. हवाई बेटांपैकीं ओआहू बेटावरील रेड हिल या टेकडीचा इतिहास हेंच सांगतो.

१९४० च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या आरमारानें ही टेकडी पोखरण्यास आरंभ केला. पर्ल हार्बरचा इंधनाचा सांठा विमानांच्या माऱ्यापासून सुरक्षित राहावा, हा हेतु. काम चालू असतांनाच ७ डिसेंबर १९४१ रोजीं त्या बंदरावर जपानी हल्ला झाला. तेव्हां या दूरदृष्टीविषयीं कोणास शंका उरली नसेल. १९४३ मध्यें काम पुरें झालें. वीस टाक्या, प्रत्येकीची उंची सुमारें २५० फूट, आणि प्रत्येकींत सव्वा कोटी गॅलन इंधन मावेल एवढी जागा! स्थापत्याचा हा खरोखरच पराक्रम होता. मात्र टाक्यांच्या तळापासून अवघ्या शंभर फुटांवर भूगर्भांतील गोड्या पाण्याचा सांठा होता, आणि होनोलुलू शहर तेंच पाणी पीत होतें.

२०१४ च्या जानेवारींत दुरुस्त केलेली पांचवी टाकी पुन्हा भरली असतां तींतून सुमारें २७,००० गॅलन इंधन गळालें. तें गेलें कोठें? टाकीखालच्या खडकांतील वाफ तपासण्यांत आली. निरीक्षणासाठीं नव्या विहिरी खोदण्यांत आल्या. परंतु येथील खडक लाव्हारसाचा, भेगांनीं आणि पोकळ्यांनीं भरलेला. एका विहिरींत कांहीं सांपडलें नाहीं, यावरून दहा हातांवरील भेगेविषयीं काय सांगतां येणार? शिवाय तेल पाण्यावर तरंगत असलें, तरी त्याचा कांहीं अंश पाण्यांत विरघळतो, आणि कांहीं खडकालाच चिकटून वर्षानुवर्षें राहतो.

हा शोध संपण्यापूर्वींच घरांतील नळ बोलूं लागले. २०२१ च्या मे महिन्यांत कामगारांच्या चुकीनें सुमारें २०,००० गॅलन इंधन अग्निशामक व्यवस्थेच्या एका नळींत शिरलें आणि तेथेंच पडून राहिलें. २० नोव्हेंबरला बोगद्यांतील एका गाडीचा धक्का बसून ती नळी फुटली. इंधन आरमाराच्याच विहिरींत उतरलें, आणि सैनिकांच्या घरोघरीं नळाच्या पाण्यास तेलाचा वास येऊं लागला. हजारों माणसें उलट्या, डोकेदुखी आणि पुरळ यांनीं हैराण झालीं. शहरानें आपली जवळची विहीर बंद केली. २०२२ च्या मार्चमध्यें टाक्या कायमच्या बंद करण्याचा हुकूम सुटला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या रित्या करण्यास आरंभ झाला.

ऐंशीं वर्षें जपलेला सांठा काढून नेतां आला. खडकांत मुरलेलें तेल मात्र तसें उचलतां येत नाहीं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच, आणि आपल्या विहिरींचे झरेही त्याच्याच भेगांतून येतात. भूमीच्या पोटांत कांहीं ठेवण्यापूर्वीं तेथें आधींपासून काय वाहतें आहे, हें विचारणें म्हणूनच अगत्याचें आहे.