'लढा' या शब्दाचे भाषांतर

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले. १९७५ मध्ये ते इंग्रजीत निघाले, तेव्हा त्याचे नाव झाले 'आदिवासीज रिव्होल्ट'. डहाणू-तलासरीच्या मुलांना हा इतिहास शिकवताना मी या दोन नावांपाशी नेहमी अडतो. मराठीत माणूस जागा होतो, इंग्रजीत तो बंड करतो.

बंड होते ते रीतसर सत्तेविरुद्ध. म्हणजे हा शब्द उच्चारताच जमीनदार-सावकाराची सत्ता आपण रीतसर मानून मोकळे होतो! २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत वारल्यांनी ठरवले ते काय? वेठ करायची नाही. रोजचे १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराची खाजगी जमीन कसायची नाही. त्याने हात टाकला तर प्रतिकार करायचा. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोळ्या कोणी झाडल्या हे उघड असताना बंडखोर ठरले ते मेलेलेच.

गोदूताईंविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, मराठी नावही मला पुरते पटत नाही. जागा झाला, म्हणजे आधी झोपला होता काय? मग वेठीला रोज कोण राबत होते?

हाच लढा अरबी वाचकाला सांगायचा झाला तर? मोर्च्यात आपण 'इन्किलाब झिंदाबाद' म्हणतो. 'इन्किलाब' मूळ अरबीच. पण आजचा अरब त्याचा अर्थ सत्ता उलथवून बळकावणे असा घेतो. क्रांतीला त्याच्याकडे 'सौरा' आहे. इंग्रजीतल्या 'कॉन्फ्लिक्ट'ला 'निझा' म्हणावे, तर तो झाला तंटा, जणू सावकार आणि वारली बरोबरीचे वादी-प्रतिवादी. हक्कासाठीच्या झुंजीला 'निदाल' हा शब्द आहे. मी तोच घेईन. 'हक्क' आणि 'जुलूम' यांचे भाषांतर करावे लागणार नाही. ते तिकडूनच आपल्याकडे आले, आणि अर्थही फारसा न बदलता राहिले.

'लग्नगडी'पाशी मात्र इंग्रजी काय, अरबी काय, एका शब्दात भागत नाही. तिथे भाषांतरकाराने सरळ सांगावे: पोराने लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतले, आणि ते फेडण्यासाठी तो व त्याची बायको वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत राहिली.