मठाचे संग्रहालय होताना : जुन्या गोव्यातील दोन वास्तूंचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी वाचकास 'कॉन्व्हेंट' हा शब्द इंग्रजी माध्यमाच्या शाळेमुळे परिचित आहे. तथापि त्याचा मूळ अर्थ व्रतस्थ ख्रिस्ती स्त्री-पुरुषांचा मठ असा आहे. जुन्या गोव्यातील असे दोन मठ आज संग्रहालये म्हणून उभे आहेत. धार्मिक वास्तूचे संग्रहालयात रूपांतर होते तेव्हा नेमके काय जतन होते आणि काय निसटते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मराठवाड्यातील वारशाच्या संदर्भातही हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

फ्रान्सिस्कन मठ :

फ्रान्सिस्कन संन्यासी 1517 मध्ये गोव्यात आले. त्यांचे पहिले चर्च पाडून त्याच जागी 1661 मध्ये संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे सध्याचे चर्च उभारण्यात आले. जुन्या इमारतीचे कोरीव प्रवेशद्वार मात्र नव्या वास्तूत राखले गेले. पोर्तुगालने 1834 मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले व 1835 मध्ये गोव्यातील पुरुषांचे मठ बंद झाले. चर्चला लागून असलेल्या या मठात 1964 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संग्रहालय स्थापन केले. येथे पोर्तुगीज व्हाइसरॉय व गव्हर्नर यांची व्यक्तिचित्रे आहेत, तशाच कदंबकालीन विष्णुमूर्ती, वीरगळ आणि सतीशिळाही आहेत. तिसवाडी बेटावरील देवळे 1540 पासून पाडली गेली, हे लक्षात घेता सत्ताधीशांच्या प्रतिमा आणि त्यांच्या आधीच्या समाजाच्या देवता एकाच छताखाली येणे ही घटना अर्थपूर्ण ठरते. दोहोंपैकी कोणालाही वगळून गोव्याचा इतिहास सांगता येत नाही, हे या दालनांतून स्पष्ट होते.

सांता मोनिका मठ :

सांता मोनिका हा ऑगस्टिनियन नियमांनुसार चालणारा स्त्रियांचा मठ होता. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये त्याची पायाभरणी झाली व 1627 मध्ये बांधकाम पूर्ण झाले. 1636 च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. नंतर तो पुन्हा बांधण्यात आला. येथे मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या स्त्रियांना प्रवेश मिळे. त्यांच्यासोबत येणाऱ्या हुंड्यामुळे मठाची संपत्ती वाढत गेली. परिणामी, शहरातील मालमत्ता मठाकडे जात आहे, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने पोर्तुगालच्या राजाकडे केली. स्त्रियांच्या एका संस्थेची आर्थिक शक्ती नगरसभेला खुपावी, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

संघबरखास्तीनंतर या मठातील स्त्रियांना बाहेर काढण्यात आले नाही. मात्र नव्या उमेदवारांना प्रवेश बंद झाला. अखेरची व्रतस्थ स्त्री 1885 मध्ये निवर्तली आणि सुमारे पावणेतीनशे वर्षांची परंपरा संपली. पुढे 1964 मध्ये येथे मातेर देई ही संस्था सुरू झाली. राशोल सेमिनरीत 1994 मध्ये उघडलेले ख्रिस्ती कला संग्रहालय 2002 मध्ये सांता मोनिकात आणण्यात आले. नूतनीकरणानंतर ते 2022 मध्ये पुन्हा खुले झाले.

हस्तिदंत, रुपे, लाकूड व वस्त्रे यांतील येथील कलाकृती मिश्र संस्कृतीची साक्ष देतात. ख्रिस्तेतर कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेऊ नयेत, असा निर्बंध 1567 च्या धर्मपरिषदेने घातला होता. निर्बंध घालण्याची वेळ आली, यावरूनच ती प्रथा रूढ होती असे अनुमान निघते. संग्रहातील पेलिकन पक्ष्याच्या रूपातील रुप्याचे पूजापात्र मूळचे याच मठातील आहे. वस्तू आपल्या मूळ वास्तूत परतली. तिच्यासमोर प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचे दैनंदिन जीवन मात्र तिच्याबरोबर परतू शकत नाही.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ :

धाराशिव जिल्ह्यात याच प्रश्नाची वेगवेगळी रूपे दिसतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची परंपरा जिवंत आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचणारा भाविकच तेथील वारशाचा वाहक असतो. तेर येथील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. तेथे उपासनेचे स्वरूप बदलले, उपासना टिकली. तेरमध्येच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय आहे. तेथे वस्तू जपल्या गेल्या त्या एका व्यक्तीच्या चिकाटीमुळे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, संग्रहालय वस्तूंना आयुष्य देते. परंतु त्या वस्तू वापरणाऱ्या माणसांचा इतिहास स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. सांता मोनिकाची शेवटची रहिवासी निवर्तल्यावर संग्रहालय येईपर्यंत शतकाहून अधिक काळ लोटला. मराठवाड्यातील अनेक मठ, वाडे व देवस्थाने यांचे जाणकार आज हयात आहेत. त्यांच्या आठवणी, विधी आणि वस्तूंची मूळ ठिकाणे यांची नोंद महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आताच घेतली, तर उद्याच्या संग्रहालयांतील वस्तू मुक्या राहणार नाहीत.